मोडीत देण्यापूर्वी : घरातील जुन्या वस्तूंवरून कारखान्यांचा काळ कसा वाचावा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली आलेल्या जुन्या पितळी भांड्यांना बहुतेक घरांत दोनच वाटा असतात : पुन्हा माळ्यावर, नाहीतर मोडीत. नागपूरकरांची मोडीची वाट इतवारीतील भांडे ओळीकडे जाते. तिथे जुने पितळ काट्यावर चढते, त्याचा भाव लागतो, आणि वरचे पैसे भरून माणूस स्टीलचे डबे घेऊन घरी येतो. ही वाट धरण्यापूर्वी एक सकाळ त्या भांड्यांसाठी राखून ठेवावी, असे मला सुचवायचे आहे. कारखाने आल्यावर रोजच्या वापरातील वस्तूंची घडण कशी पालटली, याचा पुरावा त्यांच्या बुडाशी, काठाशी आणि सांध्यांत असतो, आणि तो वाचायला वेगळे शिक्षण लागत नाही. वस्तू उलटी करून पाहण्याची सवय तेवढी लागते.

पाहायला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की असावी. हाताने काम करणारा तांबट भांडे घडवता घडवताच त्याचा आकार ठरवत असतो. पत्रा कुठे पातळ झाला, पोट किती फुगवायचे, गळा कुठे आवळायचा, हे त्याचा हात आणि डोळा त्या त्या क्षणी ठरवतो. कारखान्यात हे सगळे निर्णय उत्पादन सुरू होण्यापूर्वी घ्यावे लागतात, कारण साचा एकदा तयार झाला की त्यातून निघणाऱ्या हजारो नगांना तोच आकार मिळणार असतो, आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराला त्यात काही बदलण्याची मुभा नसते. आकार ठरवणे आणि वस्तू बनवणे ही दोन कामे अशी सुटी झाली, आणि आज ज्याला आपण डिझाइन म्हणतो तो स्वतंत्र व्यवसाय त्यातून उभा राहिला. म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेतली की दोन प्रश्न विचारावेत : हिचा आकार बनवताना ठरला की बनवण्यापूर्वी? आणि ती साच्यात घडली असेल, तर साच्यातून बाहेर कशी निघाली? दुसरा प्रश्न किरकोळ वाटतो खरा, पण यंत्रयुगातील कितीतरी आकार त्याच एका अडचणीने ठरवलेले आहेत.

तयारी

सामान थोडेच लागते : एक भिंग, शिंप्याची टेप, जाड दोरा, स्वयंपाकघरातील वजनकाटा, पातळ कागद, मऊ शिशाची पेन्सिल आणि वही. खिडकीशी बसावे आणि सकाळचा तिरपा उजेड धरावा, कारण ठोक्यांच्या, लेथच्या (वस्तू गोल फिरवत घडवणाऱ्या यंत्राच्या) आणि साच्याच्या खुणा डोक्यावरच्या दिव्याखाली दिसेनाशा होतात. उन्हाळ्यात नागपुरात हे काम सकाळी नऊच्या आत उरकलेले बरे. नंतरचे ऊन पितळेवर चमकते आणि काहीच दिसू देत नाही.

भांडे आधी घासू नये आणि पॉलिशला तर मुळीच देऊ नये. हे मी ठेच लागल्यावर शिकलो. आजीची एक चरवी चांगली दिसावी म्हणून मी एका दुकानात पॉलिशला टाकली, आणि परत मिळाली ती आरशासारखी चकचकीत चरवी. तिच्या पोटावरच्या ठोक्यांच्या ओळी आणि काठाखालचे अर्धे नाव बफिंगच्या चाकाने खाऊन टाकले होते. दुकानदाराने सांगितलेले काम चोख केले होते, चूक माझी होती. धूळ ओल्या फडक्याने पुसावी, काळपटपणा तसाच राहू द्यावा. खोलगट खुणांत साचलेला काळेपणा त्या वाचायला मदतच करतो.

गडवा उलटा करा

सुरुवात गडव्यापासून करावी. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला तांब्या म्हणतात तोच हा. विदर्भातील जुन्या घरात तो एखादा तरी सापडतोच. शक्यतो एक जुना, जड गडवा आणि एक अलीकडचा, हलका गडवा असे दोन जवळजवळ ठेवावेत.

जुन्या गडव्याच्या पोटावरून बोट हळू फिरवावे. घडण ठोकीव असेल तर बोटाला बारीक, सपाट चकत्या एकापुढे एक लागतात. तांबटांच्या भाषेत हे मठारकाम : भांडे खालून टेकूवर धरून, फिरवत फिरवत, एका रांगेत हातोडीचे ठोके घालत नेलेले असतात. त्यामुळे पत्रा घट्ट आणि कडक होतो. शोभा हा नंतरचा लाभ आहे. तिरप्या उजेडात या ओळी मोजता येतात, आणि एखाद्या ठिकाणी ओळ किंचित घसरलेली दिसली तर तिथे हात थांबून पुन्हा सुरू झाला, असे समजण्यास हरकत नाही. आता बोट आणि अंगठा यांच्या चिमटीत काठ धरावा, मग पोट धरावे. ठोकीव भांड्यात जाडी जागोजाग बदलते. पोटाच्या मध्यावर किंवा गळ्याशी सांधा शोधावा. जुन्या कामात दोन भागांच्या कडा दातेरी कापून एकमेकींत अडकवलेल्या आणि मग डाख देऊन पक्क्या केलेल्या असतात; कल्हई उडालेल्या जागी हे दाते वेगळ्या रंगाच्या नागमोडी रेषेसारखे दिसतात. गडवा ओतीव असेल तर तो आकाराच्या मानाने जड लागतो, आतून किंचित खरखरीत असतो आणि बाहेरून कातून गुळगुळीत केलेला असतो.

नव्या गडव्यावर ठोके नसतात. आत टॉर्च धरली तर एकाच केंद्राभोवती फिरलेल्या अतिशय बारीक रेषा दिसतात. फिरत्या लेथवर पत्रा साच्यावर दाबत नेल्याची ती खूण. काठ पाहावा : पत्र्याची कड बाहेरच्या बाजूला गोल वळवलेली असते, कारण पातळ पत्रा कडेला हात कापतो आणि वाकतो, आणि जाडीने जे मिळत होते ते आता वळणाने मिळवावे लागते. पत्रा पातळ झाला म्हणून काठ बदलला. वस्तूच्या घडणीतील बदल बहुधा असाच एका काटकसरीमागून दुसरी तडजोड या क्रमाने येतो.

याच जोडीकडे दुसऱ्या प्रश्नाच्या नजरेने पाहावे. प्रेसमध्ये पत्र्याची चकती साच्यात दाबून भांडे करायचे असेल, तर ठोकळ्याला पुन्हा बाहेर यायला वाट हवी. सरळ किंवा वर रुंद होत जाणारा पेला एका दाबात निघतो. फुगीर पोटाचा आणि आवळ गळ्याचा गडवा निघत नाही, त्याला दोन भाग, जोड किंवा लेथचे वेगळे काम लागते. स्वयंपाकघरात पेले, वाट्या, सरळ भिंतींचे डबे आणि गंज (उभट पातेली) वाढत गेले आणि गडवे, कळश्या, चरव्या माळ्यावर गेल्या, याला नळाचे पाणी कारण आहे, स्टील कारण आहे, आणि प्रेसची ही अडचणही कारण आहे. हिचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही.

एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमसारख्या शहरांतून तयार पितळी पत्रा हिंदुस्थानात येऊ लागला होता, त्यामुळे हाताने ठोकलेले भांडे पूर्णपणे कारखान्याविना झाले असेल असे समजू नये. हातकाम आणि कारखाना यांची सरमिसळ ही नेहमीची गोष्ट. आपल्याला फक्त कोणता निर्णय कुठे झाला एवढे शोधायचे आहे.

बशीची कड

जुनी कपबशी असेल तर ती पुढे घ्यावी, आणि आधी एक गैरसमज दूर करावा : कारखाना म्हणजे यंत्रच असे नव्हे. जोसाया वेजवूड यांनी १७६९ मध्ये इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात एट्रुरिया हा मातीच्या भांड्यांचा कारखाना सुरू केला, तेव्हा तिथले बहुतेक काम हातांनीच होत होते. बदलली ती कामाची वाटणी. चाकावर भांडे चढवणारा वेगळा, ते कातणारा वेगळा, कान बसवणारा वेगळा, रंगवणारा वेगळा; एकाही कारागिराच्या हातून अख्खा कप होत नव्हता. अशी वाटणी चालायची तर प्रत्येक टप्प्यावरचा माल सारखा असायला हवा, नाहीतर पुढच्याचे काम अडते. त्यातच वेजवूड यांनी १७७४ पासून छापील कॅटलॉग काढला. न पाहता मागवलेली बशी कॅटलॉगमधील चित्रासारखीच निघाली पाहिजे, आणि फुटलेल्या बशीच्या जागी चार वर्षांनी मागवलेली बशी उरलेल्या संचात मिसळून गेली पाहिजे. एकसारखेपणा हा त्या काळी नुसता गुण नव्हता, ते गिऱ्हाइकाला दिलेले वचन होते.

आपल्या बशीच्या कडेवर वेलबुट्टी असेल तर भिंग घेऊन ती गोल फिरवत पाहावी. हाताने रंगवलेल्या पानात कुंचल्याचा जाड-बारीक दाब दिसतो आणि दोन पाने कधीच तंतोतंत सारखी नसतात. छापील नक्षीत रेषा एकसारख्या बारीक असतात, आणि कडेवर कुठेतरी वेल अवचित तुटून पुन्हा सुरू झालेली सापडते : अर्धे फूल, त्याला चिकटून भलतेच पान. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून पातळ कागदावर छाप घ्यायचा, तो कागद भांड्यावर घासून चिकटवायचा आणि मग कागद धुऊन टाकायचा, अशी ही रीत. सरळ कागदी पट्टी गोल कडेवर बसवताना शेवटी कुठेतरी जोड येतोच. वेजवूड आपली साधी भांडी लिव्हरपूलच्या सॅडलर आणि ग्रीन यांच्याकडे पाठवून अशी छापून घेत. नक्षी काढण्याचा निर्णय इथे पत्रा कोरणाऱ्याकडे गेला, आणि पट्टी चिकटवणाऱ्याच्या हाती जोड कुठे लपवायचा एवढेच उरले. कपावर तो बहुधा कानाजवळ सापडतो.

बशी पालथी करून खालचा शिक्का वाचावा. देशाचे नाव असेल तर वस्तू बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची किंवा त्यानंतरची, कारण मालावरील खुणांविषयीचे कायदे ब्रिटनमध्ये १८८७ मध्ये आणि हिंदुस्थानात १८८९ मध्ये झाले, आणि अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ अशी अक्षरे दिसली तर तारीख जवळजवळ हातात आली : जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असतानाचा काळ, १९४५ ते १९५२.

काचेवरची रेघ

काचेच्या बाटलीवर वाचायची गोष्ट एकच, पण ती पक्की आहे. दोन फाळ्यांच्या साच्यात फुंकलेल्या बाटलीवर दोन्ही बाजूंना उभी रेघ राहते. ही रेघ तोंडापर्यंत न पोहोचता गळ्याशी विरून गेली असेल, तर बाटलीचे तोंड नंतर हाताने, वेगळ्या अवजाराने घडवले आहे. रेघ थेट ओठावरून गेली असेल, तर बाटली पूर्ण यंत्राची, म्हणजे मायकेल ओवेन्स यांचे स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास आल्यानंतरच्या काळातील.

गोटी सोड्याची बाटली मिळाली तर तिला जरा अधिक वेळ द्यावा. सोड्याच्या बाटलीला बूच लावले की ते वाळते, आकसते आणि वायू निसटतो. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी विल्यम हॅमिल्टन यांच्या नावाने ओळखली जाणारी, अंडाकृती बुडाची बाटली निघाली. ती उभी राहूच शकत नसे, सदैव आडवी राही, आणि आतल्या पाण्याने बूच ओले राही. हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये बूचच काढून टाकले. त्यांच्या बाटलीत काचेची गोटी असते. बाटली उलटी धरून भरली की वायूचा दाब गोटीला गळ्यातील रबरी कड्यावर घट्ट दाबून धरतो. सोडेवाला अंगठ्याने ती खाली ढकलतो तेव्हा येणारा आवाज आपल्याला माहीत आहे, पण गळ्याखालच्या चिमट्याकडे बहुतेकांचे लक्ष गेलेले नसते. बाटली ओठाला लावल्यावर गोटी परत तोंडाशी येऊन वाट अडवू नये, म्हणून काच दोन बाजूंनी आत दाबून तिथे तिच्यासाठी खळगा केलेला असतो. बाटली खळगा खाली येईल अशी धरली तर सोडा नीट येतो, उलटी धरली तर गोटी तोंड बंद करते. स्वतः दोन्हीकडून धरून पाहावे. बाटली दुरून पाहणाऱ्याला हा आकार चमत्कारिक वाटतो, पण त्यात एकही वळण शोभेसाठी नाही.

कापडाचा पन्हा आणि छापाची लांबी

नागपूरकराने कापडाकडे दुर्लक्ष करावे हे शोभणारे नाही. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात आली, आणि १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले त्याच दिवशी, जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून ती उभी राहिली. आज त्या जागेवर मॉल आहे. सूतकताईच्या रिंग पद्धतीचा प्रयोग हिंदुस्थानात अगदी प्रारंभी करणाऱ्या गिरण्यांत ती गणली जाते. जुन्या म्यूल यंत्रात गाडी मागे सरकताना सूत ओढले आणि पिळले जाई, आणि पुढे येताना ते गुंडाळले जाई. रिंगवर पीळ देणे आणि गुंडाळणे एकाच वेळी, न थांबता चालते. गिरणीचे कापड वजन आणि पन्हा आधी ठरवून विकले जाई.

घरातील जुने धोतर किंवा लुगडे असेल तर टेपने पन्हा तीन-चार ठिकाणी मोजावा. हातमागावर पन्हा थोडाफार कमी-जास्त होतो, कारण तो ताणून धरणारी काठी विणकर स्वतः पुढे पुढे सरकवत असतो. काठाशी तिच्या टोकांची बारीक छिद्रे अनियमित अंतराने दिसतात. यंत्रमागावर अशी छिद्रे असलीच तर शिस्तीत ओळीने असतात आणि पन्हा ताग्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तसाच राहतो. पाचपावली आणि गोळीबार चौक परिसरातील कोष्टी घरांत जुने लुगडे असेल तर काठ आवर्जून पाहावा. अंगाला एक रंग आणि काठाला दुसरा रंग विणताना वेगवेगळे धोटे (आडवे सूत नेणारी अवजारे) लागतात, आणि तो सांधा हातमागावरचा विणकर ज्या सफाईने बांधतो ती प्रारंभीच्या यंत्रमागांना परवडणारी नव्हती. गिरणीचा काठ म्हणूनच अनेकदा अरुंद आणि ताण्यापुरता, म्हणजे उभ्या सुतापुरता, असतो. लुगड्याच्या काठाची रुंदी हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. त्यात धोटा किती वेळा बदलायचा याचा हिशेबही आहे.

छापील कापड असेल तर त्याहून सोपी परीक्षा आहे. एखादे ठळक फूल निवडून त्याच्या मध्यापासून, वरच्या दिशेने नेमके तेच फूल पुन्हा येते तिथपर्यंतचे अंतर मोजावे. लाकडी ठशाचे काम असेल तर हे अंतर ठशाएवढे, तळहातात मावेल इतके असते, दोन ठशांच्या जोडावर रंग किंचित दुप्पट चढतो किंवा फट राहते, आणि ठसा जुळवण्यासाठी कोपऱ्यात ठेवलेला ठिपका भिंगाखाली सापडतो. स्कॉटलंडच्या थॉमस बेल यांनी १७८३ मध्ये पेटंट घेतलेल्या रीतीत तांब्याच्या कोरीव रुळावरून कापड अखंड सरकत छापले जाते. त्यात जोड नसतो, रेषा सुईइतकी बारीक जाते, पण नक्षी रुळाच्या परिघापेक्षा मोठी होऊच शकत नाही. दोन फुलांमधले अंतर म्हणजे रुळाचा परीघ, किंवा त्याचा एक समान भाग. आपण टेपने फुले मोजतो आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या यंत्राचे माप वहीत येते, हे मला अजूनही नवलाचे वाटते. ही सगळी यंत्रे मुळात हिंदुस्थानी छिटाची, म्हणजे छापील सुती कापडाची, नक्कल स्वस्तात करण्यासाठी धावली होती, ही आठवणही इथे ठेवावी.

शिवणयंत्र आणि पेचांचे घराणे

पायाने चालणारे शिवणयंत्र ज्यांच्या घरी आहे त्यांनी प्रथम त्याचा अनुक्रमांक पाहावा. सिंगर कंपनीच्या यंत्रांवर प्रारंभी नुसते आकडे असत, १९०० च्या सुमारास आकड्यांआधी अक्षर आले आणि पुढे दोन अक्षरे. अशा क्रमांकावरून कारखाना आणि साल काढता येते. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील त्यांचा प्रचंड कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला होता. अंगावरची सोनेरी नक्षी नखाने न खरवडता भिंगाने पाहावी : ती रंगवलेली नाही, कागदावरून उतरवलेली आहे, म्हणजे बशीवरच्या वेलीचीच ती पुढची पिढी. कुठे स्फिंक्स असतो, कुठे वेली.

मग खाली बसून ओतीव लोखंडी पायांकडे पाहावे. त्यांच्यात विणलेली नक्षी फुकटात पडलेली असते. लाकडी नमुना एकदा कोरला की प्रत्येक ओतीव नगाला तीच नक्षी मिळते. मात्र त्या पानाफुलांच्या कडा किंचित उतरत्या असतात, कारण वाळूच्या साच्यातून नमुना साचा न मोडता वर उचलायचा असतो. पायांची मागची बाजू पोकळ किंवा सपाट आणि ओबडधोबड असते. नक्षी पुढच्यासाठी, लोखंड मागून वाचवलेले.

पेच, म्हणजे स्क्रू, हा या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. १८४१ मध्ये इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचा कोन ५५ अंश ठरवून पेचांचे प्रमाण सुचवले, त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचे पेच स्वतःचे असत. सुटे भाग एकमेकांच्या जागी बसायला हवेत ही कल्पना त्याआधीची आहे : इंग्लंडच्या पोर्ट्समथ गोदीत मार्क ब्रुनेल यांनी योजलेल्या आणि हेन्री मॉड्सले यांनी बनवलेल्या यंत्रांवर १८०८ मध्ये जहाजांच्या १,३०,००० लाकडी कप्प्या वर्षाला निघत होत्या, आणि जिथे ११० कारागीर लागत तिथे १० साधे मजूर पुरत होते. तरीही शिवणयंत्रांच्या बाबतीत १८८० च्या दशकापर्यंत भाग कानशीने घासून जुळवावे लागत, हे वाचून धीर यावा. सिंगरचे पेच पुढेही स्वतःच्याच आट्यांचे राहिले. यंत्राचा एखादा पेच हरवला आणि बाजारातील कोणताही पेच अर्ध्या फेऱ्यात अडला, तर जबरदस्ती करू नये. दुरुस्तीवाल्याच्या डब्यातला जुना पेचच शोधावा. लुधियानात बनलेली काळी यंत्रे मात्र सिंगरच्या पंधरा क्रमांकाच्या घडणीवर बेतलेली असल्यामुळे त्यांची बॉबिन बहुधा अदलाबदलीने चालते. घरात अशी दोन यंत्रे असतील तर बॉबिन बदलून पाहणे ही उत्तम परीक्षा आहे.

वाकलेली खुर्ची

जुन्या दिवाणखान्यात पाठीला गोल वाकवलेल्या काठीची हलकी खुर्ची असेल तर ती उलटी करून जमिनीवर ठेवावी. वळणावर लाकडाचे रेषे पाहावेत. सुताराने फळीतून गोलाई कापली असेल तर रेषे वळणावर तुटून कडेला संपतात, आणि खुर्ची तिथेच चिरते. खुर्च्यांचे कारखानदार मायकेल थोनेट यांच्या रीतीत बीच लाकडाच्या काठ्या वाफवून लोखंडी साच्याभोवती वाकवत. बाहेरच्या अंगाला धातूची पट्टी आवळलेली असे, म्हणून लाकूड ताणले न जाता आतून दाबले जाई आणि फाटत नसे. तिथे रेषे वळणाबरोबर न तुटता फिरतात. १८५९ मध्ये आलेल्या त्यांच्या १४ क्रमांकाच्या खुर्चीत लाकडाचे फक्त सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट होते, आणि सुटे भाग रचले तर एक घनमीटर खोक्यात ३६ खुर्च्या मावत. बैठकीच्या कड्याखाली कागदी चिठ्ठी किंवा डागलेला शिक्का शोधावा. सांधे लाकडात लाकूड न अडकवता पेचांनी का जोडले आहेत, याचे उत्तर त्या खोक्यात आहे : खुर्ची बनवणाऱ्याने ती कशी बसेल याइतकाच ती बोटीतून कशी जाईल याचा विचार केला होता.

नक्षीचा चकवा

साधी वस्तू म्हणजे यंत्राची आणि नक्षीदार वस्तू म्हणजे हाताची, असे आपण सहज धरून चालतो. प्रारंभीच्या कारखान्यांच्या बाबतीत हे बहुधा उलटे असते. हाताने नक्षी करणे महाग होते, म्हणून नक्षी श्रीमंतीची खूण होती. यंत्राने ती स्वस्त होताच कारखानदारांनी किटलीपासून कात्रीपर्यंत सगळ्यांवर पाने-फुले ओतली. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनात याची इतकी रेलचेल झाली की तिथल्याच जाणकारांनी त्यावर कडक टीका केली. ज्या काचमहालात ते भरले होते तो मात्र ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद अशा एकाच मापाच्या काचा लावून उभा केलेला होता. यंत्राला शोभेल अशी साधी घडण शोधायला पुढची काही दशके लागली; डिझायनर क्रिस्टोफर ड्रेसर यांच्या उघड्या रिव्हेटच्या किटल्या आणि १९०९ मध्ये डिझायनर पीटर बेहरेन्स यांनी एईजी या जर्मन कंपनीसाठी मोजक्या भागांच्या जुळणीतून केलेल्या विजेच्या किटल्या हे त्यातले मैलाचे दगड होत.

म्हणून नक्षीदार भांडे दिसले की भाळू नये. नक्षीतील दोन सारख्या फुलांचे मोबाइलवर जवळून फोटो काढावेत आणि शेजारी ठेवून पाहावेत. हाताच्या कामात प्रत्येक फुलाची चूक वेगळी असते. साच्याच्या कामात तीच पाकळी प्रत्येक फुलात तशीच तुटकी असते. चूक पुन्हा पुन्हा तीच आली की निर्णय साच्यात झाला होता, यात शंका राहत नाही. मागची बाजू दिसत असेल तर दाबून काढलेल्या नक्षीचा उलटा, बोथट उठाव तिथे सापडतो.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक वस्तूला वहीचे एक पान द्यावे. वजन, उंची, तोंडाचा आणि बुडाचा व्यास, सांधा कुठे, शिक्का कोणता, साच्याची रेघ कुठवर, आणि शेवटी आपला निष्कर्ष व त्याचे कारण. एकसारख्या दिसणाऱ्या तीन वाट्या असतील तर तिघींचेही वजन वेगवेगळे लिहावे : यंत्राच्या वाट्यांत फरक नगण्य येतो, ठोकीव वाट्यांत तो घरगुती काट्यावरही दिसतो. पडताळण्यासाठी अजब बंगला, म्हणजे १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, आणि मोतीबागेतील नॅरो गेज रेल्वे संग्रहालय या दोन्ही ठिकाणी एक फेरी मारावी; पहिल्यात हाताच्या खुणा आणि दुसऱ्यात रिव्हेट व बोल्टच्या रांगा डोळ्यांना सवयीच्या होतात.

भांड्यावरचे नाव मात्र जपून वाचावे. लग्नात किंवा बारशाला दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख घालण्याची पद्धत होती, परंतु ती तारीख आहेराची असते, घडणीची नव्हे; वीस वर्षे जुना गडवाही नव्याने नाव घालून दिला जाई. अक्षरे छिन्नीच्या सुट्या ठिपक्यांची असतील तर प्रत्येक ठिपका वेगळ्या ठोक्याचा आहे, आणि ओळीच्या शेवटी जागा कमी पडल्याने अक्षरे दाटलेलीही दिसतात. विजेच्या पेनने घातलेले नाव सलग, थरथरत्या रेघेचे असते. नावावर पातळ कागद ठेवून आडव्या पेन्सिलीने हलके घासावे. ठिपके पांढरे आणि बाजू काळी अशी प्रत कागदावर उतरते, आणि भांडे पुढे मोडीत गेलेच तरी ती वहीत राहते.